बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर आलेली विठा : नारायणगावच्या एका घरानं पिढ्यान् पिढ्या चालवलेला तमाशा

सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी एक किस्सा फिरत असतो. तमाशा ऐन रंगात आलाय. बोर्डावर नाचणारी बाई नऊ महिन्यांची गरोदर आहे. नाचता नाचता कळा सुरू होतात. ती मागं जाते, बाळंत होते, दगडानं ठेचून नाळ तोडते, लुगडं नीट करते आणि परत बोर्डावर येऊन उभी राहते. समोरच्या पब्लिकच्या लक्षात येतं की मघाशी दिसणारं पोट आता दिसत नाहीये. मग तेच लोक हात जोडून खेळ थांबवायला सांगतात.

ही बाई म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्र तिला ओळखतो. लक्ष्मण उतेकर तिच्यावर हिंदी सिनेमा काढतायत आणि त्यात श्रद्धा कपूर आहे, ही बातमी आल्यापासून तर हा किस्सा नव्यानं व्हायरल झालाय. कमेंटमध्ये लोक सलाम ठोकतात, वाघीण म्हणतात आणि पुढच्या रीलवर जातात.

पण यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. नऊ महिन्यांच्या बाईवर त्या रात्री नाचायची वेळ आलीच का? फडाची मालकीण तीच होती. तिला कोण नाचायला लावणार होतं?

त्याचं उत्तर मिळवायचं तर आधी तिच्या घरात जावं लागतं.

पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागतं. आजच्या लोकांना ते टोमॅटोच्या मार्केटमुळं माहीत असतं, नाहीतर शेजारच्या खोडदच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीमुळं. पण तमाशा बघणाऱ्या माणसासाठी नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. या गावच्या नारायण खुडे यांनी आपला फड उभा केला. त्यांच्यानंतर भाऊ आणि बापू या भावांनी तो नावारूपाला आणला. फडाचं नाव पडलं भाऊ-बापू मांग नारायणगावकर.

या नावातला मधला शब्द नीट वाचण्यासारखा आहे. जात थेट फडाच्या पाटीवर. आज कुणी दुकानाच्या पाटीवर असं लिहिणार नाही. पण तमाशा ही कलाच मुळात मांग, महार, कोल्हाटी अशा गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांनी जगवली. गावाला त्यांचा स्पर्श चालत नव्हता, त्यांची हलगी, ढोलकी आणि गळा मात्र चालत होता. जत्रेत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. त्यामुळं जातीचं नाव हा एकाच वेळी डागही होता आणि ट्रेडमार्कही. मांगाचा फड म्हणजे वाजवणारे पक्के असणार, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नसे.

भाऊंची मुलगी विठा. जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. शाळेत तिचं फार जमलं नाही. आणि शाळा तरी कुठली, फड आज इथं तर उद्या तिथं. तिला कुणी गुरूसमोर बसवून गंडा बांधला नाही. बाप गातोय, चुलता गातोय, सुरत्ये मागं झील धरतायत, ढोलकीवाला दुपारी शाई चोळत बसलाय, हेच तिचं घर आणि हीच तिची तालीम. गण, गौळण, भेदिक, लावणी हे सगळं पोरगी चालायला शिकते तसं ती शिकली आणि लहान वयातच बोर्डावर उभी राहिली.

इथं एक फरक माहीत असायला हवा, कारण रील बनवणारे हमखास गोंधळ घालतात. तमाशा म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक संगीत बारी. यात मुख्यतः बायकांची पार्टी असते, बैठकीची आणि खडी लावणी असते, पेटी-तबला-ढोलकी असते आणि खेळ एका जागी, थिएटरात होतो. चौफुला, मोडनिंब, जामखेड, पुण्याचं आर्यभूषण ही त्याची ठिकाणं. दुसरा ढोलकी फडाचा तमाशा. हा फिरता. यात गण होतो, मग कृष्ण-पेंद्या-मावशी आणि गवळणींची गौळण, मग सोंगाड्याची बतावणी, लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. वग म्हणजे नाटकच, पण पूर्वी बऱ्याचदा हातात लिहिलेली संहिता नसायची. गोष्ट ठरलेली, गाणी ठरलेली, बाकी संवाद जागेवर. समोर शेतकरी बसलेत की गिरणी कामगार, हे बघून सोंगाड्या विनोद बदलायचा.

विठाबाईंचा फड हा दुसऱ्या प्रकारातला. म्हणजे त्यांना फक्त नाचून भागणार नव्हतं. सुरुवातीला गवळण म्हणून उभं राहायचं, मधे लावणी करायची आणि मग वगात राणी नाहीतर फसवली गेलेली बाई होऊन चार तास संवाद म्हणायचे. तेही माइक नसलेल्या काळात, हजारोंच्या पब्लिकपुढं. ज्यांनी त्यांना पाहिलं ते आधी त्यांचा आवाज सांगतात, मग अदा.

विठा वयात येत होती तो काळ तमाशासाठी अवघड होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई राज्यात तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलता. फडवाल्यांनी विनंत्या केल्या, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि अटी घालून तमाशाला परत परवानगी मिळाली. वगाची संहिता तपासून घ्यायची, द्व्यर्थी गाळायचं. त्याच सुमाराला अण्णाभाऊ साठे, शाहीर अमर शेख यांच्यासारखी मंडळी तमाशाचा साचा घेऊन कामगारांचे प्रश्न मांडत होती आणि लोकनाट्य हा शब्द रुळत होता. फडवाल्यांनीही तो उचलला. आजही बहुतेक फडांच्या बॅनरवर लोकनाट्य तमाशा मंडळ असंच लिहिलेलं असतं. शहरातल्या सभ्य माणसाला लोकनाट्य चाललं, तमाशा नाही चालला, हा त्यातला गमतीचा भाग.

वडिलांच्या आणि चुलत्याच्या नावानं चाललेला फड पुढं विठाबाईंच्या नावानं उभा राहिला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बापाचं नाव आणि जात मागं तशीच ठेवून पहिलं नाव बाईचं. आता ही साधी गोष्ट वाटते. पण बोर्डावर बाई नाचते आणि हिशोबाची वही पुरुषाकडे असते, अशी रीत असलेल्या धंद्यात फडाचं नाव बाईचं असणं आणि त्या नावावर तिकीट खपणं हे मोठं काम होतं. चीनबरोबरच्या युद्धाच्या काळात सीमेवरच्या जवानांपुढंही त्यांनी कार्यक्रम केले. १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला.

आता त्या बाळंतपणाच्या रात्रीकडे येऊ.

फडाचं वर्ष सुरू होतं दसऱ्याला आणि संपतं बुद्ध पौर्णिमेच्या आसपास. मोठ्या फडात साठ-सत्तर माणसं सहज असतात. नाचणाऱ्या, वगातले नट, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, शिवाय तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी. दसऱ्याच्या आधी यातल्या बहुतेकांना मालक उचल देतो. म्हणजे वर्षभराच्या पगारातली आगाऊ रक्कम. पावसाळ्यात काम नसतं, घरी पोरांची लग्नं, आजारपणं असतात, त्यात ही उचल खर्च होते. आणि मालकाकडे तरी एवढा पैसा कुठून येतो? तो सावकाराकडून किंवा ठेकेदाराकडून उचलतो. म्हणजे सीझनचा पहिला नारळ फुटतो तेव्हाच अख्खा फड कर्जात असतो.

मग फिरती सुरू होते. पिकाचा पैसा लोकांच्या हातात खेळायला लागला की फड कनात, गाड्या घेऊन मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात उतरतात. जालना, परभणी, नांदेडकडच्या जुन्या माणसांना हे दिवस आठवत असतील. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा तर तमाशासाठीही ओळखली जाते. इथं तिकिटाचा खेळ असतो. कनातीच्या दारात गल्ला गोळा होतो आणि त्यावर उद्याचं डिझेल आणि जेवण ठरतं. एक खेळ बुडाला तर दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला उधारी करावी लागते. चैत्र आला की मग पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जत्रा. इथं तिकीट नाही, गावकरी सुपारी देतात, म्हणजे ठरलेली रक्कम. त्याच दोन महिन्यांत फड कर्जातून वर येतो किंवा बुडतो.

आणि पब्लिक कशासाठी आलेलं असतं? पाटीवर जिचं नाव आहे तिला बघायला. ती नाचणार नाही असं कळलं तर तिकिटाचे पैसे परत मागतात. कधी दगड येतात, कनात फाडतात. तमाशात हे नेहमीचं. फडाचा विमा नाही, मालकिणीला बाळंतपणाची रजा नाही आणि तिच्या जागेवर उभं करता येईल अशी दुसरी विठा नाही. त्या रात्री तिला कुणी धमकावलं नव्हतं. साठ माणसांच्या उद्याच्या जेवणाचा तो हिशोब होता आणि तो तिनंच मांडला होता. पराक्रम म्हणून हा किस्सा सांगताना आपण तो हिशोब सोडून देतो, म्हणून तो ऐकायला सोपा जातो.

जगात दुसरीकडंही अशी गोष्ट घडलेली आहे. अमेरिकेत कंट्री म्युझिक नावाचा जो प्रकार आहे, तोही शेतकरी, खाणकामगार आणि ट्रकवाल्यांचा. हाँकी-टाँक नावाच्या दारूच्या गुत्त्यात तो वाजायचा आणि घरंदाज लोक त्याला नाकं मुरडायचे. या संगीताचं पहिलं मोठं घराणं म्हणजे कार्टर फॅमिली. ऑगस्ट १९२७ मध्ये ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि तिची चुलतबहीण मेबेल हे तिघं व्हर्जिनियाच्या डोंगरातून खराब रस्त्यानं ब्रिस्टलला रेकॉर्डिंगसाठी गेले. मेबेल तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची आणि आठवा महिना लागलेली. दोन दिवसांत सहा गाणी झाली, गाण्यामागं ५० डॉलर मिळाले. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली आणि ती मुलगीही पुढं आईबरोबर गायला लागली.

इथपर्यंत दोन्ही गोष्टी शेजारी ठेवता येतात. फरक त्यानंतर सुरू होतो. मेबेलचं गाणं तबकडीवर गेलं. तबकडी विकली जाते, रेडिओवर वाजते, तिची रॉयल्टी येते, म्हातारपणी म्युझियमवाले दारात येतात. ढोलकी फडाचा वग रात्रभराचा. तो मावेल अशी तबकडी नव्हती आणि कंपन्यांना त्यात रसही नव्हता. लावणीच्या रेकॉर्ड निघाल्या त्या बहुतेक सिनेमाच्या. पडद्यावर नाचणारी वेगळी, गाणारी वेगळी. चाळीस-पन्नास वर्षं रोज रात्री गाणाऱ्या विठाबाईंचं काम त्या त्या रात्रीबरोबर संपून गेलं. जेवढी रात्र तेवढीच कमाई. शरीर थकलं की उत्पन्न बंद.

आणि तसंच झालं. मुंबईत १९७२ ला टीव्ही आला, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खेड्यांत पोचला, पाठोपाठ व्हिडिओ आले. फडांना हिंदी गाण्यांवर नाचणाऱ्या मुली ठेवाव्या लागल्या, रात्रभराचा वग आखडायला लागला. विठाबाईंच्या मुली मोठ्या झाल्या, त्यांनी आपापले फड काढले. त्यात मंगला बनसोडेंचं नाव सगळ्यात पुढं गेलं. घरातलं प्रत्येक माणूस कलावंत असलं की फड फुटतोच, तमाशात याला कुणी भांडण म्हणत नाही. तरी फुटलेल्या प्रत्येक फडाला नवी कनात, नवी गाडी आणि नवं कर्ज लागतं.

उतारवयात विठाबाईंचे हाल झाले. आजारपण आलं तेव्हा हातात पैसा नव्हता. दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून, मदत पाठवून भागवलं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, हळहळ व्यक्त झाली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या.

चारच वर्षांनी, २००६ मध्ये, महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमासगिरांसाठी राज्याचा हा सर्वोच्च सन्मान. कित्येक वर्षं त्याची रक्कम ५ लाख रुपये होती. ज्या बाईचं दवाखान्याचं बिल वर्गणीनं भरावं लागलं, तिच्या नावाचा हा पुरस्कार. तो कांताबाई सातारकरांना मिळाला, मंगला बनसोडेंनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला मिळण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

लेखक योगीराज बागूल यांनी विठाबाईंचं चरित्र लिहिलं, 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' या नावानं. ज्यांना रीलच्या पलीकडं जायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी. त्यानंतर अभ्यासकही या घराकडं वळले. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये तमाशा आणि जात यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात मंगला बनसोडेंच्या मुलाखतींना मोठी जागा आहे. पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, जिला तिकडं जीनियस ग्रँट म्हणतात. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की तमाशातल्या बाईला अश्लील ठरवणारा समाजच रात्री तिला बघायला जात होता, आणि हा शिक्का जातीपासून वेगळा काढता येत नाही. तो मुद्दा पटो न पटो, पण विठाबाईंच्या फडाच्या पाटीवरचा मधला शब्द आठवला की त्यावर विचार करावाच लागतो.

फडांचा धंदा मात्र पुढं आणखीच कठीण होत गेला. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. शहरातल्या झोपेसाठी ते योग्यच होतं, पण तमाशा सुरूच होतो रात्री जेवणं झाल्यावर. पहाटेपर्यंतचा वग कायद्यात बसेना. मग तमाशा तासा-दोन तासांत उरकायचा किंवा पोलिसांची परवानगी काढत बसायचं.

नारायणगावात एक पद्धत आजही चालू आहे. गुढी पाडव्याच्या सुमाराला हायवेच्या कडेनं फडमालक आपापल्या राहुट्या ठोकतात. बाहेर फडाच्या नावाची पाटी. गावोगावचे पंच येतात, राहुट्या फिरतात, भाव करतात, आपल्या जत्रेची तारीख सांगतात आणि सुपारी ठरवून जातात. दोन महिन्यांची सगळी कमाई त्या चार-आठ दिवसांत पक्की होते.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या लॉकडाऊनचा तो पहिला दिवस. ऐन सुपारीच्या दिवसांत राज्यातल्या सगळ्या जत्रा रद्द झाल्या. पुढच्या वर्षी पाडवा आला १३ एप्रिलला आणि त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा संचारबंदी जाहीर झाली. लागोपाठ दोन वर्षं फडवाल्यांनी उचल वाटलेली, कर्ज काढलेलं आणि खेळ एकही नाही. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. वाजवणारे कुणी शेतमजुरीला गेले, कुणी भाजीची गाडी लावली. जत्रा पुन्हा भरायला लागल्या तेव्हा काही फड परत उभेच राहिले नाहीत.

जे उभे राहिले त्यांच्यात या घरातले फड आहेत. मंगला बनसोडेंबरोबर त्यांचे चिरंजीव नितीनकुमार बोर्डावर असतात, आणि नातवंडांनी विठाबाईंच्या मूळ नावानं चालवलेल्या फडाची पाटीही लागते. नारायण खुड्यांपासून मोजलं तर ही पाचवी पिढी. पाटीवर आजीचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं, तिच्याखाली आता नाचणाऱ्या-गाणाऱ्यांची नावं बारीक अक्षरांत. सुपारी ठरवायला आलेले पंच ती नावं वाचतात, यंदा किती मुली आहेत ते विचारतात, आणि मग भाव पाडायला सुरुवात करतात.